उजवा पाय डाव्या पायावर

२ फेब्रुवारी, दुपारी

मागच्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत बरीच पानं कोरी राहिली. कोरं पान फेकणं पाप. म्हणून ही रोजनिशी. कोणी वाचायची भीती नाही. ह्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा सापडत नाही. सूनबाईला माझं अक्षर लागत नाही, असं ती म्हणते.

मूळ कारण लिहून ठेवते. काल आमच्या प्रार्थना मंडळाची सभा झाली. जूनमध्ये वार्षिक दिवस. त्या दिवशी रस्त्यापासून वरच्या प्रार्थनागृहापर्यंत पेटता दिवा पायऱ्यांनी न्यायचा. पुढे दिवेवाली, मागे सगळ्या. इतकी वर्षं हा मान धाकट्या जाऊबाईंचा. यंदा त्याच म्हणाल्या, आता दुसऱ्या कोणाला द्या. मी हात वर केला. अध्यक्षीणबाई गोड हसून म्हणाल्या, अहो, तुम्ही मागेच बऱ्या, पायऱ्या अरुंद आहेत.

सगळ्या हसल्या. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले. म्हणजे लागलं नाही असं दिसतं.

जाऊबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या शेजारच्या खुर्चीवर उजवा पाय डाव्यावर टाकून बसल्या होत्या. वरचा पाय असा अलगद हलत होता. मला हे जन्मात जमलेलं नाही. पाय अर्ध्यावर जातो आणि घसरतो, पोत्यावरून पोतं घसरावं तसा.

संकल्प: वजन उतरवायचं. दिवा मीच न्यायचा. आणि खुर्चीवर पायावर पाय टाकून बसायचं, सगळ्यांसमोर. देवाला साक्षी ठेवलं आहे.

५ फेब्रुवारी

सकाळी कोमट पाणी. दुपारी काकडी. संध्याकाळी उकडलेली भाजी, बिनतेलाची. मधल्या वेळी देवाचं नाव. देवाच्या नावाला गॅस लागत नाही.

एकटीसाठी वेगळं शिजवणं परवडत नाही, म्हणून सगळ्या घराला हेच. हे म्हणाले, अगं, पण मला कुठे दिवा न्यायचाय? त्यांना सांगितलं, तुमच्या पोटालाही विश्रांती. त्यांनी काकडी उचलली. पटलं असावं.

सूनबाई बाथरूममध्ये गेली. नळ सोडला, तरी बिस्किटाच्या पुड्याचा आवाज आला. पाणीही वाया, बिस्किटही वाया.

२० फेब्रुवारी

सहा किलो गेले. केमिस्टच्या दुकानातलं वजनाचं मशीन फुकट आहे. केमिस्ट म्हणाला, बाई, एवढं झपाट्याने उतरवू नका, डॉक्टरांना विचारा. लोकांच्या तब्येती सुधारल्या तर ह्याचा धंदा बसेल. काळजी कळली.

दुपारी भुकेने चक्कर आली. देवाजवळ बसले. चक्कर होती की समाधी, नक्की सांगता येत नाही. समाधी म्हणून धरते.

१५ मार्च

सगळे कपडे, मंडळात घालायचे लांब झगेसुद्धा, सैल. शिंपीणबाईंकडे आत घ्यायला दिले. आमच्या मंडळात ह्या नवीन आल्या आहेत. बाई अशा जाड की दारातून आडव्या येतात, आणि आल्यावर खोलीत दुसऱ्याला जागा उरत नाही. माप घेताना म्हणाल्या, बाई, बरं नाही का तुम्हाला? मी म्हटलं, बरं नव्हतं, आता होतंय. त्यांना कळलं नाही. जाड माणसाला टोमणा उशिरा लागतो. मी स्वतः अनुभवाने सांगते.

तोंडात टाचण्या धरून त्या म्हणाल्या, दिवा धरायला मलाही फार आवडेल हो. मी आवाज अगदी गोड ठेवला आणि म्हटलं, अहो, तुम्ही मागेच बऱ्या, पायऱ्या अरुंद आहेत. दुकानात मंडळातल्या दोघी होत्या, त्या हसल्या. शिंपीणबाईही हसल्या. मोठ्याने हसल्या.

म्हणजे लागलं नाही.

२८ मार्च, सकाळी

आज जमलं!

बैठकीतल्या लाकडी खुर्चीवर बसले, देवाचं नाव घेतलं आणि उजवा पाय उचलून डाव्यावर टाकला. तो तिथे राहिला. घसरला नाही. वाटी ताटात बसावी तसा गुडघा गुडघ्यावर बसला. डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, काय बघायचं? बाईमाणसाच्या तपश्चर्येला घरात किंमत नसते.

आजपासून जप जमिनीवर नाही, खुर्चीवर, ह्याच बैठकीत. माळ गुडघ्यावर टेकते, हाताला आराम पडतो. जप दुप्पट करणार. भूक लागते तेव्हाच करायचा म्हटलं तरी दुप्पट होतो.

खुर्चीवरची गादी काढून ठेवली. वापरून झिजते.

१० एप्रिल

सभा. मी आधीच जाऊन पुढच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले. शेवटपर्यंत उतरवला नाही. अध्यक्षीणबाईंनी दोनदा बघितलं. शेवटी म्हणाल्या, यंदा दिवा मोठ्या जाऊबाई नेतील, काय कमावलंय त्यांनी! खरं तर घालवलं आहे, पण भावना पोचली.

जाऊबाई जवळ येऊन म्हणाल्या, ताई, फार सुकलात हो. दोन घास खात जा. मत्सर माणसाला कसा प्रेमाच्या भाषेत फुटतो ते बघण्यासारखं असतं.

उठताना उजवा पाय जागचा हलेना. मुंग्या आल्या होत्या. मुंग्या म्हणजे रक्त धावतंय. शुभशकुन.

२४ एप्रिल

नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलावर हात फिरवला तर आपला वाटत नाही. कोणा पाहुण्याचा पाय आपल्याकडे मुक्कामाला आल्यासारखा. जपात देहभान हरपतं असं ऐकलं होतं. माझं पायापासून हरपायला लागलं आहे. एकदम सगळं हरपत नसेल.

घरात सांगितलं नाही. अध्यात्मात जाहिरात करू नये.

३ मे

उजवी चप्पल चालताना निसटते. दोनदा रस्त्यात राहिली, मी पुढे गेले. एकदा एका माणसाने हाक मारून आणून दिली. चांभाराकडे गेले. तो म्हणाला, बाई, चप्पल चांगली आहे. त्याला म्हटलं, मग काय पाय वाईट आहे? तो पायाकडे बघत राहिला. काम करायचं नसलं की हे असं. पट्टा आवळून घेतला.

६ मे

पाऊल टाकताना आवाज होतो. टप. डाव्याचा नाही, उजव्याचाच. सूनबाई फरशी नीट पुसत नाही, त्यामुळे पाय चिकटत असणार. तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, आई, फरशीचं काय घेऊन बसलात, तुमचं पाऊलच उचलत नाही, खाली लोंबतं. मी तुमच्याबरोबर दवाखान्यात येते.

तिला म्हटलं, फरशी पुस.

पुसली तिने. पुसताना रडत होती की नाक ओढत होती, बघायला गेले नाही. टप वाजलं असतं.

९ मे

उपाय सापडला. गुडघा जरा वर उचलून पाऊल टाकायचं, म्हणजे पंजा अडकत नाही. डौलदार दिसतं. हे म्हणाले, कोंबडी चिखलातून जाते तशी चाललीयस. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्या चालण्याकडे पहिल्यांदा लक्ष दिलं.

१३ मे

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पंजा अडकून पडले. कोपर फुटलं. भाजीचं पातेलं पालथं झालं. ह्यांनी आधी मला उचललं की पातेलं, ह्यावर मला काही लिहायचं नाही. सूनबाईने रिक्षा आणली. नको म्हणत होते. दवाखाना चालत जाण्याजोगा आहे.

१३ मे, संध्याकाळी

डॉक्टर तरुण आहेत, बोलतात फार. आधी म्हणाले, पंजा वर उचला. मी उचलला. म्हणाले, उचला. मी म्हटलं, उचललाय की. त्यांनी बोट दाखवलं. पंजा होता तिथेच होता. मी आतून उचलला होता.

मग त्यांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाची गाठ लागते तिथे बोट ठेवलं. टिचकी मारली, तशी वीज पावलापर्यंत गेली. म्हणाले, इथून नस जाते, अगदी कातडीखालून. तिच्यावर चरबीची गादी असते. तुम्ही एवढ्या थोड्या महिन्यांत एवढं वजन उतरवलंत, त्यात ती गादीच गेली. आता नस उघडी पडलीय आणि तुम्ही रोज तासन्‌तास पायावर पाय टाकून तिलाच चेपताय.

थोडक्यात, डॉक्टरांना माझ्या अंगावर चरबी सापडली नाही. बोटाने शोधली, तरी नाही. असं सर्टिफिकेट कोणाला मिळतं?

बाकी बरंच सांगितलं. पायावर पाय टाकायचा नाही. उकिडवं बसायचं नाही. पोटभर जेवायचं. नसेची तपासणी करायची. पाऊल लोंबू नये म्हणून तयार आधार मिळतो, तो बुटात घालायचा. व्यायाम. आत्ता सोडलंत तर बहुतेक परत येईल, म्हणाले, पण आणखी दाबत राहिलात तर मी काही सांगू शकत नाही.

सूनबाईने सगळं लिहून घेतलं. माझ्याच वहीच्या मागच्या पानावर. विचारलंसुद्धा नाही.

१४ मे

हिशेब. तपासणी, आधार, बूट आणि पोटभर जेवण, चारही महाग. त्यातलं जेवण सगळ्यांत महाग, कारण ते रोज लागतं. आणि पोटभर जेवून जूनमध्ये दिवा नेणार कोण? पायऱ्या अरुंद आहेत.

तपासणी वार्षिक दिवसानंतर करायची असं ठरवलं. नस कुठे पळून जात नाही.

बुटाचं तर नावच नको. तिथे सगळ्या अनवाणी असतात, आणि मी पुढे लष्करासारखी?

१८ मे

मॅट्रिक झालेल्या बाईला अशक्य काही नाही. आधार घरीच केला. ह्यांच्या जुन्या सूटकेसचा पट्टा होता, बकलासकट. तो गुडघ्याखाली घट्ट आवळायचा. त्याला नाडी बांधायची, ती खाली आणून अंगठ्यात अडकवायची. म्हणजे पंजा वर ओढलेला राहतो. लांब झग्याखाली काही दिसत नाही. खर्च शून्य.

पट्टा आधी खाली सरकायचा, कारण पोटरीत मांस उरलेलं नाही. मग एक जास्तीचं भोक पाडलं आणि अगदी आवळला. आता हलत नाही. बकल बरोबर डॉक्टरांनी बोट ठेवलं होतं तिथेच येतं. म्हणजे जागा चुकलेली नाही.

ह्यांनी सूटकेस शोधली नाही. कुठे जायचं नसतं त्यांना.

२५ मे

मुंग्या पूर्ण थांबल्या. दुखणंही गेलं. टाचणी टोचून बघितली, काही नाही. गुण आला! डॉक्टरांना कळवावंसं वाटलं, पण ते फोनवर फी लावतील.

पट्टा आता दिवसभर ठेवते. जपालाही. जप पायावर पाय टाकूनच चालू आहे. देवाची बैठक डॉक्टरच्या सांगण्यावरून मोडत नाहीत.

सूनबाई म्हणाली, आई, डॉक्टरांकडे पुन्हा जायची तारीख उलटून गेली. मी म्हटलं, बरी आहे. ती म्हणाली, दाखवा. मी गुडघा उचलला, नाडीने पंजा उचलला. ती बघत राहिली. मग म्हणाली, बरं. तिच्या तोंडून बरं हा शब्द फार दिवसांनी ऐकला.

११ जून

तालीम. जाऊबाई दिवा कसा धरायचा ते दाखवत होत्या. ताई, खाली बघू नका, ज्योतीकडे बघा, म्हणाल्या. त्यांच्यासारखीला ठीक आहे. मला खाली बघितल्याशिवाय उजवं पाऊल कुठे आहे ते कळत नाही. पण हे सांगायचं कशाला.

पायऱ्या चढले. रिकाम्या हाताने. एकदाही अडखळले नाही. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, किती संथ, किती भक्तिभावाने चढतात बघा!

शिंपीणबाई मागे होत्या. मी वळून म्हटलं, तुम्ही खालीच थांबलात तरी चालेल, धाप लागेल. त्या म्हणाल्या, तुमच्या पाठोपाठ येईन, बाई. चिवट आहेत.

१४ जून

उद्या. नाडी जुनी झाली आहे, पण उद्यापुरती टिकेल. नवी आणली तर नंतर काय उपयोग?

देवा, तुझ्यासाठी एवढं केलं. आता एवढ्या पायऱ्या.

१७ जून

दोन दिवस लिहिलं नाही.

जे झालं ते असं. दिवा जड होता, तेल काठोकाठ. खाली बघायचं नाही म्हणून ज्योतीकडे बघत चढले. चांगली वरपर्यंत गेले. अध्यक्षीणबाई वर दारात हात जोडून उभ्या होत्या. तीनच पायऱ्या राहिल्या होत्या, तेव्हा झग्याच्या आत काहीतरी सैल झालं. आवाजसुद्धा नाही. नाडी तुटली हे मला पंजा पायरीला अडकल्यावर कळलं, तेही पायाने नाही, तोंडावर पडताना कळलं.

दिवा पडला नाही. हे महत्त्वाचं. देवाने राखला. जाऊबाई बाजूने धावल्या आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, ज्योतीसकट. तेल त्यांच्या मनगटांवरून गेलं. त्यांनी सोडला नाही. वरपर्यंत त्याच घेऊन गेल्या.

झगा गुडघ्यापर्यंत वर गेला होता. पट्टा, बकल, नाडीचा तुकडा, सगळ्या मंडळाने बघितलं. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, मी त्यांच्याहून मोठ्याने हसले असते.

शिंपीणबाईंनी मला कापडाच्या ताग्यासारखं उचललं आणि सगळ्या पायऱ्या उतरून रस्त्यावर रिक्षात ठेवलं. धाप लागली नाही. मी वजन कमी केल्याचा त्यांना केवढा फायदा झाला!

रिक्षात बसवताना म्हणाल्या, बाई, पायऱ्या तेवढ्या अरुंद नाहीत हो.

२० जून

डॉक्टरांनी पट्टा कात्रीने कापला. बकल सोडलं असतं तर पट्टा परत वापरता आला असता. त्याखाली कातडीवर बकलाचा चौकोन उमटला आहे, काळानिळा. त्यांनी विचारलं, हा कोणी बांधला? मी म्हटलं, सूटकेसचा आहे. ते म्हणाले, ते मी विचारत नाहीये.

तपासणी झाली. सुया टोचून पडद्यावर रेघ बघतात. डाव्या पायाची रेघ उड्या मारत होती. उजव्याची सरळ, आखलेल्या पानासारखी. मला वाटलं, सरळ ती चांगली. तसं म्हटलंही. सूनबाईने मान दुसरीकडे वळवली.

मे महिन्यात दाब काढला असता तर बहुतेक पूर्ण आलं असतं, म्हणाले. आता वर्षभर वाट बघायची. कदाचित थोडं येईल. कदाचित असंच राहील. घरी येताना हे म्हणाले, सगळं वाचवलंस, पाय तेवढा वाचवायचा राहिला. मी म्हटलं, रिक्षा मीटरप्रमाणे आहे ना ते बघा.

२८ जून

तयार आधार आणला. प्लास्टिकचा, पांढरा, पोटरीपासून बोटांपर्यंत. तो घालायला ह्यांचे जुने बूट लागतात, कारण माझ्या मापाच्यात मावत नाही.

घरात आता पोटभर शिजतं. डॉक्टरांनी सांगितलं ते सूनबाईने भिंतीवर लावलं आहे. ती माझ्यासमोर बसून बिस्किटं खाते. पुडा उघडताना अजिबात घाई करत नाही. मी अर्धंच जेवते. कशासाठी ते आठवत नाही, पण संकल्प देवासमोर केलेला आहे.

जाऊबाई आल्या होत्या. दोन्ही हातांना पट्ट्या. तरी चमच्याने मला सूप भरवायला निघाल्या. चमचा धरता येईना, सांडत होता. मी म्हटलं, राहू द्या, वाया जातंय. त्या म्हणाल्या, ताई, मी तुम्हाला त्या दिवशी सभेत सांगायला हवं होतं, तुम्ही तशाच छान होतात. असं उगाच काहीतरी. मत्सर अजून गेलेला नाही.

त्या गेल्यावर सूप मी तसंच गार होऊ दिलं. मग पिऊन टाकलं.

६ जुलै, दुपारी

अध्यक्षीणबाई येऊन गेल्या. मंडळ मला विसरलेलं नाही. पुढच्या वर्षीची कामं आत्ताच वाटून टाकली म्हणाल्या. मी विचारलं, दिवा? शिंपीणबाई नेतील. मी म्हटलं, अहो, पण पायऱ्या? त्या म्हणाल्या, पायऱ्यांचं काय, त्या मधून चढतील, बाकीच्या मागून. त्यात काय एवढं!

त्यात काय एवढं.

मला दुसरं काम दिलं आहे. खाली रस्त्याजवळ सगळ्यांच्या चपला सांभाळायच्या. जबाबदारीचं काम आहे, कोणालाही देत नाहीत. बसून करायचं आहे. खुर्ची मंडळाची.

त्या गेल्यावर लाकडी खुर्चीवर बसून तालीम केली. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या बघणार, तेव्हा बसणं नीट दिसलं पाहिजे. पांढरं प्लास्टिक आणि ह्यांचा बूट फार डोळ्यांत भरतो. मग डावा पाय उचलून उजव्यावर टाकला. बूट बराचसा झाकला जातो. छान बसतो डावा. डॉक्टरांनी बोट उजव्यावर ठेवलं होतं. डाव्याबद्दल ते काही बोललेले नाहीत.

संपूर्ण जप ह्याच बैठकीत केला. उठताना डाव्या पायाला जरा मुंग्या आल्या.

रक्त धावतंय. शुभशकुन.